डीनच्या आसनावरचा बगळा

१

हेस्टर प्रोबर्टनं डीनच्या आसनावरची मखमली गादी उचलली आणि ती तशीच हातात धरून उभी राहिली. गादीखाली आसनच नव्हतं.

आसनाच्या जागी एक फळी आडवी टाकलेली होती. दोन्ही बाजूंच्या आधारपट्ट्यांवर नीट बेतून, हलू नये म्हणून एका टोकाला घडी केलेलं वर्तमानपत्र खुपसून. गादी वर ठेवली की कोणाला काही कळू नये अशी. हेस्टरनं फळीवर बोट फिरवलं, मग चष्मा कपाळावर चढवून ती खाली वाकली. ज्या कोरीवकामासाठी ती श्रूजबरीहून बस बदलत बदलत टिलिंगकोटला आली होती, ते कोरीवकाम आसनासकट नाहीसं झालं होतं.

मागे हम्फ्री कॉरफील्ड उभे होते. टिलिंगकोटचे ते गुरांचे निवृत्त डॉक्टर. अंगानं आडवे, हात फावड्याएवढे. चर्चचे विश्वस्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती. याच आसनावर बसून ते रोज सकाळची प्रार्थना म्हणत. आजही म्हणून झाली होती, म्हणजे ते याच फळीवर बसले होते आणि त्यांना पत्ता लागला नव्हता. आता त्यांचा चेहरा असा झाला होता की हेस्टरनं आधी त्यांना बसवलं, तेही दुसऱ्या आसनावर.

ते आसन एवढं महत्त्वाचं का, ते सांगायला हवं. टिलिंगकोटच्या चर्चमध्ये वेदीपुढच्या भागात, दोन्ही भिंतींना लागून, ओकच्या जुन्या आसनांच्या रांगा आहेत. प्रत्येक आसन वर उचलून भिंतीला टेकवता येतं, आणि उचललं की त्याच्या पोटाशी एक छोटी कड दिसते. तासन् तास उभ्यानं प्रार्थना म्हणणाऱ्या म्हाताऱ्या पाद्र्यांना त्या कडेवर कुल्ला टेकवता यायचा. देवाच्या लेखी उभे, आपल्या लेखी बसलेले. कडेखाली सुतारांनी आपल्या मनाला येईल ते कोरलं होतं : डुकरं, जलपऱ्या, बायकोच्या हातचा मार खाणारा नवरा. फक्त टोकाच्या, इतरांपेक्षा रुंद अशा आसनाखाली एक बगळा होता, चोचीत वळवळती ईल मासळी धरलेला. पंधराव्या शतकात हे चर्च बांधणाऱ्या सर रेजिनाल्ड हर्नशॉचं तेच घराणेचिन्ह. वेदीजवळच्या त्याच्या कबरीवरही तोच बगळा आहे.

टिलिंगकोटच्या लोकांचं म्हणणं असं की आपलं चर्च साधं गावचर्च नव्हतं, ते 'कॉलेज' होतं. म्हणजे पोरं शिकवायचं कॉलेज नव्हे. एका प्रमुखाच्या, डीनच्या, हाताखाली एकत्र राहणारा आणि दिवसातून अनेकदा एका सुरात प्रार्थना गाणारा पाद्र्यांचा संघ. पुढे सोळाव्या शतकात, आठव्या हेन्रीच्या पोराच्या राज्यात, असले सगळे संघ मोडले गेले आणि टिलिंगकोटची कागदपत्रं त्या धामधुमीत गेली. तेव्हापासून वाद होता. काही विद्वान म्हणत, कसला संघ, मेलेल्यांच्या आत्म्यांसाठी आपापल्या कोपऱ्यात मंत्र पुटपुटणारे चार भाडोत्री पाद्री असतील, आणि ही आसनं तर कुठल्यातरी मोडलेल्या मठातून उचलून आणलेली. कॉरफील्डसाहेब त्यांना एकाच शब्दात उत्तर देत : बगळा. संस्थापकाचा बगळा टोकाच्या आसनावर आहे, म्हणजे आसनं इथल्यासाठीच घडवली. टोकाचं आसन रुंद आहे, म्हणजे प्रमुख होता. प्रमुख होता म्हणजे संघ होता. चर्चच्या दारात ठेवलेल्या माहितीपुस्तिकेत त्यांनी हेच लिहिलं होतं आणि ती पुस्तिका हेच त्यांचं आयुष्याचं काम होतं.

परगण्याच्या इतिहासाचा नवा खंड निघत होता आणि टिलिंगकोटचं प्रकरण हेस्टरकडे आलं होतं. कॉलेज की गावचर्च, ते ती ठरवणार होती. आणि तिनं नुसता हात लावण्याआधी बगळा उडाला होता.

२

काल दुपारी हेस्टर आली तेव्हा पाद्रीबुवांच्या घरी चहा झाला होता. सुगीच्या सणाची तयारी सुरू होती. दिवाणखान्यात सफरचंदांच्या पेट्या, कांद्यांच्या वेण्या आणि कोणीतरी आणून टाकलेला कोबीचा ढीग, त्यातून वाट काढत लोक बसले होते. चौघं होते. स्वतः पाद्री ऑब्रे टिंडल. कॉरफील्ड. ऑर्गन वाजवणाऱ्या आणि गायकवृंद सांभाळणाऱ्या विधवा आयव्ही बेडोज. आणि चर्चच्या समितीवरचे लायनेल स्ट्रेंज, ज्यांचं बाजारात जुन्या वस्तूंचं दुकान होतं.

तिथं हेस्टर नको तेवढं बोलली होती, हे तिला आता जाणवत होतं. तिनं सांगितलं होतं की उद्या सकाळी पहिलं काम डीनच्या आसनाचं. ते उलटं करून ती कडेच्या मागून, खालून, सगळीकडून हात फिरवून बघणार होती, कारण लाकूड डोळ्यांपेक्षा बोटांना जास्त सांगतं. कॉरफील्ड खूश होऊन हात चोळत होते. बाकीचे काय करत होते ते तिनं पाहिलं नव्हतं, कारण तिच्या पुढ्यात मिसेस बेडोजनी केलेला प्लम-पाय, म्हणजे पिठाच्या आवरणात फळं भरून भाजलेला गोड पदार्थ, होता.

म्हणजे चोरी काल संध्याकाळ ते आज सकाळ यांच्या दरम्यान झाली, आणि ती चौघांपैकी कोणीतरी केली. चर्चच्या किल्ल्या चौघांकडेही होत्या.

पाद्रीबुवा धावत आले. चाळिशीचे, उत्साही, सायकलची क्लिप पायात तशीच. पोलिसांना कळवायचं का, असं हेस्टरनं विचारलं तेव्हा ते घाईघाईनं म्हणाले की रविवारचा सण होऊ द्यावा, मग बघू. तिनं कारण विचारलं. ते प्रामाणिकपणे सगळं बोलून मोकळे झाले. ही आसनं काढून टाकायची परवानगी त्यांनीच बिशपच्या कचेरीकडे मागितली होती. गावातली माणसं रविवारी लांब मागे बसतात, मध्ये हा ओकचा बुरूज. वेदीभोवती सगळ्यांनी खुर्च्या टाकून एकत्र बसावं असं त्यांना वाटत होतं. चर्च खरोखर कॉलेज ठरलं, आसनं मूळची ठरली, तर त्यांना हात लावता येणार नव्हता. आसनं गेली की गायकवृंदही जाणार, आणि मिसेस बेडोजनी आपल्याशी बोलणं जवळजवळ टाकलंय, हेही त्यांनी सांगितलं.

"तेव्हा पुरावा नाहीसा झाला तर फायदा कोणाचा, हे मला तुम्ही सांगायला नको," ते म्हणाले. "पोलीस पहिल्यांदा माझ्याच दारात येतील. मिस प्रोबर्ट, मला ती आसनं नकोत. पण मी ती चोरत नाही."

हेस्टरला तो माणूस आवडला. पण आवडलेली माणसंही खोटं बोलतात.

ती बाहेर पडतच होती, तेवढ्यात कबरस्तानाची गवतकापणी करणाऱ्या माणसानं तिला फाटकाशी थांबवलं. त्यानं सहज म्हणून सांगितलं की आज उजाडताना स्ट्रेंजसाहेबांची मोटार चर्चच्या मागच्या दाराशी होती. घोंगडीत गुंडाळलेलं काहीतरी जड ते उराशी धरून नेत होते, आणि त्याला बघून एकदम झाडाआड झाले होते.

३

लायनेल स्ट्रेंज दुकानात एका घड्याळाच्या पोटात डोकं घालून बसले होते. बारीक चणीचे, नीटस, गळ्याशी बो. हेस्टरनं घोंगडीचा विषय काढताच त्यांचे कान लाल झाले.

त्यांनी तिला मागच्या खोलीत नेलं. घोंगडी तिथंच होती. त्यांनी ती बाजूला केली आणि खालून निघाला एक दुधी. पण असा दुधी हेस्टरनं जन्मात पाहिला नव्हता. रांगत्या पोराएवढा, चकचकीत, हिरव्यागार पट्ट्यांचा. सुगीच्या सणात दरवर्षी सर्वांत मोठ्या दुधीचा मान मॉड गावच्या एका शेतकऱ्याला जायचा. यंदा स्ट्रेंजनी कंबर कसली होती. सकाळी ते चर्चच्या मागच्या तळघरात तो थंडाव्याला ठेवायला गेले होते, पण तळघराला कुलूप होतं म्हणून परत आणला. ही गोष्ट रविवारपर्यंत फुटली तर सगळी मजा गेली, असं म्हणत त्यांनी तिच्याकडून वचनच घेतलं.

हेस्टरनं वचन दिलं, हसू आवरलं, आणि मग विचारलं की त्या आसनाला बाजारात गिऱ्हाईक मिळेल का.

"त्या रांगेतलं दुसरं कुठलंही म्हणाल तर उद्या सकाळी विकून दाखवीन," स्ट्रेंज म्हणाले. "टोकाचं मात्र मला नको."

"का हो? बगळा तर सगळ्यांत सुंदर आहे म्हणतात."

स्ट्रेंज घड्याळाची किल्ली हातात फिरवत राहिले. मग म्हणाले की हम्फ्री कॉरफील्ड त्यांचे मित्र आहेत, मित्राबद्दल आणि मित्राच्या बगळ्याबद्दल ते बोलत नसतात. चहा घेणार का, असं त्यांनी विचारलं. हेस्टर नको म्हणाली.

रस्त्यातून चालताना तिच्या डोक्यात एकच वाक्य फिरत होतं. टोकाचं मात्र मला नको. ती परत चर्चमध्ये गेली, कारण सकाळी तिनं फक्त काय नाही ते पाहिलं होतं. काय आहे ते पाहायचं राहून गेलं होतं.

४

चर्च रिकामं होतं. दक्षिणेच्या खिडकीतून ऊन आसनांवर पडलं होतं. हेस्टर आधी शेजारच्या, डुकराच्या आसनापाशी गुडघ्यांवर बसली. ते आसन दोन बाजूंना ओकच्याच गोल खुंट्यांवर फिरत होतं. खुंट्या आसनाच्याच लाकडातून काढलेल्या, आणि दोन्ही खांबांच्या आत अडकवलेल्या. रांग बांधताना ते आसन आत बसवलं ते कायमचं. बाहेर काढायचं तर खांब कापावा लागला असता. तिनं एकेक करून सगळी आसनं पाहिली. सगळी तशीच.

मग ती टोकाला आली. इथं खांबांतली खुंटीची भोकं लाकूड ठोकून बुजवली होती. मागच्या आडव्या पट्टीत स्क्रूची भोकं होती. कोणीतरी बिजागरीचे स्क्रू हळुवारपणे, लाकडाचा टवकासुद्धा न उडवता काढले होते. तिनं केसातली पिन काढून भोकात घातली. भोक खाली निमुळतं होत होतं आणि शेवटी अणकुचीदार संपत होतं.

हेस्टर टाचांवर बसली. टोकदार स्क्रू कारखान्यात बनायला लागले ते व्हिक्टोरिया राणीच्या काळात. त्याआधीचे स्क्रू बोथट असायचे. म्हणजे हे आसन इथं लावलं गेलं ते फार तर हेस्टरच्या आजोबांच्या वेळी. ज्या बगळ्यावर टिलिंगकोटचं कॉलेज उभं होतं, तो बगळा फार तर शंभर वर्षांचा होता. आणि तिनं आसन उलटं केलं असतं तर पहिल्याच क्षणी तिला ते कळलं असतं.

चोरी पुरावा नष्ट करायला झाली नव्हती. पुरावा खोटा आहे हे झाकायला झाली होती.

आता चौघांकडे बघायची दिशाच बदलली. पाद्रीबुवांना बगळा खोटा आहे हे माहीत असतं, तर त्यांनी हेस्टरला हात धरून इथं आणलं असतं. स्ट्रेंजना ते नक्की माहीत होतं, पण त्यांना त्या आसनाचं काही पडलं नव्हतं, आणि त्यांच्या घोंगडीत दुधी होता. मग उरतं कोण? बगळा खरा ठरावा असं ज्याला जिवापासून वाटतं, तो.

तिला कॉरफील्डांचा सकाळचा चेहरा आठवला. तो घाबरलेला चेहरा चोरी झालेल्या माणसाचा होता, की चोरी पकडली गेलेल्या माणसाचा? हेस्टरला ते उत्तर नको होतं. उठण्यासाठी तिनं फळीला हात टेकला, आणि तळहाताला काहीतरी पांढरं लागलं.

५

तिनं फळी उन्हाकडे तिरपी धरली. गुळगुळीत, वापरून वापरून मध्ये किंचित झिजलेली फळी. सुरीचे बारीक चरे सगळ्या दिशांना. आणि लाकडाच्या रेषांमध्ये, कितीही पुसलं तरी निघत नाही असं, पीठ.

हेस्टर स्वतःशीच हळूच हसली. मग फळी होती तशी ठेवून ती गिरणीच्या गल्लीत आयव्ही बेडोजच्या घराकडे निघाली.

मिसेस बेडोज स्वयंपाकघरात होत्या. उंच, करड्या केसांच्या, बाह्या दुमडलेल्या. रविवारसाठी प्लम-पाय करणं चाललं होतं. टेबलावर प्लमची टोपली, साखरेचा डबा, लोण्याचा गोळा. आणि पोळीसारखं पीठ त्या लाटत होत्या ते उलट्या घातलेल्या चहाच्या ट्रेवर. ट्रे घसरत होता, खण्ण खण्ण वाजत होता, पीठ काठावरून फाटत होतं.

हेस्टर खुर्ची ओढून बसली. थोडा वेळ तिनं नुसतं ते लाटणं पाहिलं. मग म्हणाली,

"तुमची फळी चर्चमध्ये आहे, मिसेस बेडोज. तुम्हाला लागत असणार."

लाटणं थांबलं. आयव्हीनं हात पिठाच्या फडक्याला पुसले, एकेक बोट. मग धुतलेल्या कपड्यांच्या टोपलीतून दोन चादरी बाजूला केल्या आणि खालून आसन काढून टेबलावर ठेवलं, प्लमच्या शेजारी. बगळा मोठा ऐटबाज होता. ईलला धरून तो जरा लबाडपणे बाजूला बघत होता.

त्यानंतर आयव्हीनं जे सांगितलं ते शांतपणे सांगितलं. आसन तिच्या आजोबांनी, सायलस गॉफ सुतारांनी बनवलं होतं. जुनं ओलीनं कुजून गेलं होतं म्हणून तेव्हाच्या पाद्र्यानं नवं करायला सांगितलं आणि कबरीवरचा बगळा दाखवला. आजोबांनी कोणाला फसवलं नव्हतं. तेव्हा सगळ्या गावाला माहीत होतं. हळूहळू ती माणसं गेली आणि माहितीही गेली. ती लहान असताना आजोबांनी एकदा तिचं बोट धरून कडेच्या मागच्या खाचेत नेलं होतं. तिथं त्यांनी आपली दोन अक्षरं कोरली होती, डोळ्यांना दिसणार नाहीत, फक्त बोटाला लागतील अशी.

"आणि काल तुम्ही म्हणालात, बोटांनी बघणार," आयव्ही म्हणाली. "मला घासच उतरेना. हम्फ्री कॉरफील्डनी त्या बगळ्यावर एवढं सगळं लिहिलंय. परगण्याच्या खंडात छापून येणार, की विश्वस्तानं आजोबांच्या सुतारकामाला जुन्या राजांच्या काळातलं म्हटलं. लोक हसतील. त्यांना हसलेलं मला नाही बघवत."

"इतकी वर्षं माहीत होतं, मग त्यांना सांगितलं का नाहीत?"

"सांगणार होते. ते पहिल्यांदा मला पुस्तिका वाचून दाखवत होते तेव्हाच. पण ते इतके खुशीत होते. मग दर वर्षी सांगणं अवघड होत गेलं."

सकाळी आसन घेऊन ती घरी आली आणि मग तिच्या लक्षात आलं की हम्फ्री कधी खाली बघून बसत नाहीत. थेट पडले असते, या वयात कंबर मोडली असती. हाताला आली ती फळी घेऊन ती पळत परत गेली होती.

हेस्टरला त्या बाईचा राग येणं शक्यच नव्हतं. पण खंडात खोटं लिहिणंही शक्य नव्हतं, आणि ते तिनं सांगितलं. आसन अर्वाचीन आहे असं ती लिहिणार होती. आणि त्याआधी कॉरफील्डांना ते कळायला हवं होतं, परक्याकडून नव्हे. आजच.

आयव्हीनं एप्रन सोडला, आसन चादरीत गुंडाळलं आणि म्हणाली, "चला." गल्लीतून दोघी झपझप चालत होत्या. बगळा गेला म्हणजे कॉलेजही गेलं, आसनं गेली, गायकवृंद गेला, हे दोघींनाही कळत होतं.

चर्चमध्ये शिरल्या आणि आयव्हीच्या तोंडून अस्फुट आवाज निघाला. डीनच्या आसनाच्या जागेतून दोन पाय बाहेर आले होते. बूट घातलेले, हालचाल नसलेले.

६

"हम्फ्री," आयव्ही म्हणाली आणि धावली.

पाय हलले. "जरा उजेड धरा कोणीतरी," आतून आवाज आला.

कॉरफील्ड जमिनीवर उताणे पडून, खांद्यापर्यंत हात आसनाखालच्या पोकळीत घालून चाचपत होते. अडलेल्या गाईच्या वेळी ते आयुष्यभर पडत आले तसेच. दुपारी त्यांना घरी चैन पडेना, म्हणून चोरानं आणखी काही नेलंय का ते बघायला आले होते. फळी बाजूला केली तर आसनाखालची उभी पाटीही सैल होऊन हातात आली. तीही सायलस गॉफची होती, हे हेस्टरला लगेच उमगलं. कुजलेल्या आसनाबरोबर त्यानं खालची पाटीही बदलली असणार, आणि बिजागरी निघाल्यावर ती सुटली. बाकीच्या आसनांखाली जुन्या ओकच्या पाट्या घट्ट होत्या. इतक्या वर्षांत त्यांच्या मागे कोणी पाहिलंच नव्हतं.

"आत दगड आहे," कॉरफील्ड उठून बसत म्हणाले. केसांत जळमटं. "मला वाटलं लाकूडच असेल. पण भिंत आहे, बुटकी. आणि तिला फुलांसारखी भोकं आहेत."

हेस्टर स्कर्ट सावरून त्यांच्या जागी आडवी झाली आणि बॅटरी आत धरली. बराच वेळ ती बाहेर आलीच नाही.

आसनांच्या लाकडाखाली एक बुटका दगडी ओटा रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला होता. आत पोकळ, लाकडाला हवा लागावी आणि गाण्याचा सूर घुमावा म्हणून पुढे नक्षीदार भोकं पाडलेला. तिनं दगडांचे सांधे एकेक पाहिले. ओट्याचे दगड चर्चच्या भिंतीत गुंतलेले होते. भिंतीचा एक दगड ओट्यात, ओट्याचा एक भिंतीत. एकाच गवंड्यांनी एकाच वेळी उभं केलेलं काम. आणि इथं, टोकाला, ओटा मुद्दाम रुंद केला होता, एका मोठ्या आसनासाठी.

ती बाहेर आली आणि जमिनीवरच बसली. मग तिनं सावकाश, आपल्यालाच पटवून देत असल्यासारखं सांगितलं. लाकडी आसनं गाडीवर घालून कुठूनही आणता येतात, हे विद्वानांचं म्हणणं बरोबर होतं. पण भिंत कोणी गाडीवर घालून आणत नाही. सर रेजिनाल्डनं हे चर्च बांधायला घेतलं, पाया भरला, तेव्हाच गवंड्यांना सांगितलं गेलं होतं की इथं दोन्ही बाजूंना पाद्र्यांच्या रांगा बसणार, समोरासमोर गाणार, आणि टोकाला त्यांचा प्रमुख बसणार. आपापल्या कोपऱ्यात पुटपुटणाऱ्या भाडोत्र्यांसाठी कोणी असा ओटा बांधत नाही.

"म्हणजे?" कॉरफील्डांनी विचारलं.

"म्हणजे टिलिंगकोट कॉलेज होतं, मिस्टर कॉरफील्ड. मी तसं लिहीन, आणि त्यावर माझं नाव घालीन."

कॉरफील्डांचा चेहरा सकाळपासून पहिल्यांदा माणसात आला. मग ते म्हणाले की आता फक्त बगळा सापडला पाहिजे.

हेस्टर उठली आणि वेदीकडे जाऊन हर्नशॉच्या कबरीकडे फार लक्ष देऊन बघू लागली. पाठीमागे आयव्हीचा आवाज तिला ऐकू येत होता, आधी अडखळत, मग सरळ. चादर सोडल्याचा आवाज आला. हेस्टरनं कबरीवरचं लॅटिन दोनदा वाचून काढलं आणि तिला त्यातलं एक अक्षर कळलं नाही.

"कुठं आहेत ती अक्षरं?" अखेर कॉरफील्ड म्हणाले.

"द्या बोट इकडे. इथं. कडेच्या मागे."

"एस. आणि जी."

"हो."

"छान हात होता म्हाताऱ्याचा," कॉरफील्ड म्हणाले. "मी त्याला पंधराव्या शतकात नेऊन बसवलं आणि तो मुकाट बसला. आयव्ही, एवढी वर्षं तू हे एकटीनं कसं गं सांभाळलंस?"

आयव्हीनं काय उत्तर दिलं ते हेस्टरला ऐकू आलं नाही, आणि ऐकायचंही नव्हतं.

संध्याकाळी पाद्रीबुवांना सगळं सांगितलं गेलं. ते स्वतः त्या भोकात शिरले, काळे होऊन बाहेर आले आणि म्हणाले की आपण हरलो, पण असं हरायला आपली हरकत नाही. बिशपच्या कचेरीकडचा अर्ज ते मागे घेणार होते. त्याऐवजी रविवारी लोकांनाच या ओकच्या रांगांमध्ये आणून बसवलं तर, असं त्यांनी मिसेस बेडोजना विचारलं. जे सुरात गातील त्यांनी बसायला हरकत नाही, असं त्या म्हणाल्या. किती तरी दिवसांनी त्या त्यांच्याशी इतकं बोलल्या होत्या.

रविवारी चर्च भरून गेलं. आसन आपल्या जागी परत लागलं होतं, स्ट्रेंजनी स्वतः स्क्रू पिळले होते. दुधीचा मान मात्र त्यांना मिळाला नाही. मॉडच्या शेतकऱ्यानं आणलेला दुधी दोघांना उचलावा लागला, आणि स्ट्रेंजनी पहिल्यांदा दुधीभोवती एक चक्कर मारून शेतकऱ्याला बियांबद्दल विचारलं. पाद्रीबुवांनी माणसांना पुढे बोलावलं, माणसं लाजत लाजत डुकरांवर आणि जलपऱ्यांवर जाऊन बसली. गाणं सुरू झालं तेव्हा हेस्टर खांबाशी उभी होती. खालच्या दगडी पोकळीतून सूर परत येत होता, जमिनीतूनच उगवल्यासारखा भरदार.

प्रार्थनेनंतर प्लम-पाय कापले गेले. हेस्टरची बस दुपारची होती. ती निरोप घ्यायला गेली तेव्हा कॉरफील्ड आणि आयव्ही कबरस्तानाच्या भिंतीवर बशा घेऊन बसले होते. माहितीपुस्तिका पुन्हा लिहायला हवी, असं कॉरफील्ड आयव्हीला सांगत होते. ओट्याबद्दल एक प्रकरण आणि सायलस गॉफबद्दल एक. गॉफबद्दल त्यांना काहीच माहीत नव्हतं, तेव्हा ते आयव्हीनं सांगावं, त्यांनी लिहावं. रोज संध्याकाळी थोडं थोडं. हिवाळाभर लागेल, असा त्यांचा अंदाज होता.

"हिवाळाभर?" आयव्ही म्हणाली. "आजोबांच्या गोष्टी एवढ्यात संपायच्या नाहीत." आणि तिनं त्यांच्या बशीत प्लम-पायचा आणखी एक तुकडा घातला.